आधी जमीन, मग यंत्र

रेडिओवर दूरचं स्टेशन लावताना नुसता आवाज वाढवला, तर खरखरही वाढते. काटा केसभर इकडे-तिकडे करावा लागतो, कधी रेडिओच उचलून खिडकीपाशी न्यावा लागतो. मेटल डिटेक्टरचंही थोडंफार असंच असतं.

नोकरीनिमित्त मी इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात बरीच वर्षं होतो. तिथे मला हा छंद जडला. सुट्टीच्या दिवशी शेतमालकाची परवानगी घ्यायची, हेडफोन लावायचे आणि नांगरलेल्या रानात जमिनीलगत तबकडी फिरवत चालायचं. एखादं जुनं नाणं, बटण, बक्कल हाती लागे. खिळे मात्र ढीगभर!

या तबकडीत तारेची वेटोळी असतात. एक वेटोळं जमिनीत सतत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडतं. तिथे धातू असला, तर त्यात क्षीण वीजप्रवाह फिरतात आणि त्यांची चाहूल दुसरं वेटोळं टिपतं. म्हणजे यंत्राला सोनं-चांदी कळत नाही. वस्तू किती मोठी, कशी पडलेली आणि वीज किती सहज वाहू देणारी, एवढंच त्याला कळतं. नको ते संकेत गाळण्यासाठी एक बटण असतं. त्याला डिस्क्रिमिनेशन म्हणतात. आपण छाननी म्हणू. खिळे आणि चॉकलेटच्या चांद्या खणून कंटाळलेला माणूस हे बटण चढवत जातो. मीही चढवून ठेवलं होतं.

एका उन्हाळ्यात एका मित्राच्या बायकोचं मंगळसूत्र तिथल्या समुद्रकिनारी हरवलं. लेकाबरोबर वाळूचा किल्ला करताना कधी तुटलं, कळलंच नाही. सासूबाईंनी स्वतःच्या पाटल्या मोडून केलेलं ते मंगळसूत्र, आणि सासूबाई आता हयात नव्हत्या. मित्राचा फोन येताच मी मोठ्या ऐटीत यंत्र घेऊन गेलो. ओल्या वाळूवर तबकडी टेकवली मात्र, यंत्र किंचाळायला लागलं. मी संवेदनशीलता उतरवली, तसं ते गप्प झालं. दोन तास फिरून सांगितलं, "वहिनी, इथे नाही. लाटेनं नेलं असणार."

त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या यंत्राला सोनं कळतं ना?"

प्रश्न साधा होता, पण मला झोप येईना. रात्री आमच्या हिचं मंगळसूत्र अंगणातल्या गवतावर ठेवलं आणि तबकडी त्याच्यावरून फिरवली. काही नाही! छाननी शून्यावर आणली, तेव्हा वाट्यांवर बारीकसा आवाज आला. काळ्या मण्यांच्या सरावर तरीही नाही. बारीक कड्यांच्या साखळीत वीजप्रवाहाला फिरायला जागाच नसते, त्यामुळे तोळाभराची साखळीही यंत्राला जवळजवळ दिसत नाही. आणि वाटीच्या पातळ पत्र्याचा संकेत पडतो नेमका चॉकलेटच्या चांदीच्या घरात. कचरा नको म्हणून मी सोन्यालाच दार लावलं होतं.

ओल्या वाळूचं दुखणं वेगळं. खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं. एकाच फ्रीक्वेन्सीवर चालणारं माझं शेतातलं यंत्र त्या पाण्यालाच धातू समजत होतं. अशा जागी एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारं यंत्र लागतं. तसं एक मी ओळखीच्या गृहस्थांकडून मागून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी आम्ही पुन्हा गेलो. छाननी शून्य, तबकडी वाळूला जवळजवळ चिकटून, चाल मुंगीची. चांद्या, बाटल्यांची बुचं, तंबूची खुंटी असं सगळं खणत गेलो. भरतीच्या रेघेजवळ वीतभर खाली एक वाटी सापडली. तिला धरून सर आला, मागोमाग दुसरी वाटी. वहिनी काहीच बोलल्या नाहीत; ओल्या वाळूतच मटकन बसल्या.

म्हणून कोणी "कुठलं यंत्र घेऊ?" असं विचारलं, तर मी विचारतो, "फिरणार कुठे?" मोकळ्या रानात मोठी तबकडी खोलवर पोचते. कचऱ्याच्या बागेत छोटी बरी, कारण ती शेजारशेजारच्या दोन वस्तू वेगळ्या दाखवते. खोलवरच्या चांदीच्या नाण्यांना कमी फ्रीक्वेन्सी मानवते, सोन्याच्या कणांना जास्त. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या प्रदेशांत मातीतच लोह भरपूर. तिथे विजेचे झटके देऊन मधल्या क्षणी कान लावणारं पल्स इंडक्शन यंत्र चालतं. पण खिळे आणि सोनं यांतला फरक त्याला नीटसा कळत नाही. आपल्याकडचा जांभा किंवा रत्नागिरीकडची काळी वाळू अशीच खनिजांनी भरलेली. कुठेही गेलात, तरी आधी धातू नसलेल्या जागी तबकडी वर-खाली करून, आवाज बदलेनासा होईपर्यंत यंत्र त्या मातीशी जुळवून घ्यायचं. ही पाच मिनिटं वाचवणाऱ्याचा दिवस वाया जातो.

गावी परतल्यावर मात्र वेगळीच मागणी येऊ लागली. "गढीत धन आहे म्हणतात, यंत्र आणा." मी हात जोडतो. आपल्याकडे 1878 चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर कलेक्टरांना कळवावंच लागतं. संरक्षित किल्ल्यांवर तर परवानगीशिवाय खणणं हाच गुन्हा.

अशा वेळी मी सफोकमधल्याच हॉक्सन गावाची गोष्ट सांगतो. 1992 साली एरिक लॉज नावाचे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेले आणि त्यांना रोमन काळातला ठेवा लागला. सारी मिळून सुमारे पंधरा हजार नाणी निघाली. पण लॉज यांनी थोडं खणून हात थांबवला आणि कळवलं. म्हणून तज्ज्ञांना तो ठेवा जसा पुरला होता तसा, पेटीच्या खुणांसकट, उकलता आला. पुढे हातोडाही सापडला. आज तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

कुठे थांबायचं, यासाठी यंत्रावर बटण नसतं. ते आपल्यापाशीच असावं लागतं. आणि बाकीची बटणं फिरवताना वहिनींचा प्रश्न आठवावा. नको ते ऐकायचंच नाही असं ठरवलं, की हवं तेही ऐकू येईनासं होतं.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)