सावलीचं खरेदीखत

(सोलापूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय छापलाय, ‘जुन्या वस्तीत घर घेताना’. वकिलाला बोलावलं म्हणजे तो कागदपत्रांवर बोलणार, अशी तुमची अपेक्षा असणार. कागदांवर मी बोलणारच आहे. पण घर घेणाऱ्यानं कागदाआधी झाड बघावं, असं माझं ठाम मत आहे, आणि ते तुम्हाला पटवल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

१८७७ साली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी कशी निघाली, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू कशा आल्या आणि पुढं सगळ्यांची काय गत झाली, हे या सभागृहाला मी सांगायचं कारण नाही. इथल्या निम्म्या लोकांनी गिरणीच्या भोंग्यावर घड्याळं लावली आहेत. (हशा) तो सगळा इतिहास ओलांडून मी थेट घरावर येतो.

आपल्या पेठांमधली घरं भिंतीला भिंत लावून उभी राहिली. वर माळवद, खाली जाड मातीच्या भिंती. उन्हातून आत पाऊल टाकलं की अंगाला गारवा जाणवायचा. तो गारवा घराच्या अंगात होता. रेल्वे लाइन्स, सात रस्ता, मोदी या भागांतले बंगले निराळे. तिथं गारवा आवारात होता, कुंपणाच्या कडेनं लावलेल्या कडुनिंबाखाली, चिंचेखाली, रस्त्यावरच्या शिरीषाखाली. पेठांमध्ये माळवद जाऊन स्लॅब आला आणि गारवा गेला. तो गेला हे आपल्याला कळायलाही वेळ लागला. आता बंगल्यांच्या वस्तीत आवारं जाताहेत.

अशा वस्तीत घर शोधायला माणूस का येतो? विचारलं तर म्हणतो, स्टेशन जवळ, दवाखाने जवळ, शाळा जवळ. ते खरंच आहे. पण मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना दुपारी दोनला घर बघायला गेलेला माणूस गाडीतून उतरतो, रस्त्यावरच्या सावलीत उभा राहून एक मोठा श्वास घेतो आणि तिथंच त्याचं मन ठरतं. त्यापुढची घासाघीस फक्त आकड्याची. त्या सावलीपोटी तो जास्तीचा दर मोजतो, आणि सगळ्या कागदांत तिचा उल्लेख एकदाही येत नाही.

आता कागद. भराभर सांगतो, कारण हे तुमचे वकील बघतीलच. मिळकत पत्रिका ताजी घ्या. मागच्या तीस वर्षांचा शोध अहवाल करून घ्या. सगळ्या वारसांच्या सह्या हव्यातच. बहीण लग्न होऊन हैदराबादला गेली असली तरी तिचीही सही लागते. जमीन सरकारनं गृहनिर्माण संस्थेला दिलेली असेल, तर ती भोगवटादार वर्ग दोनची आहे का, हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते का, ते बघा. मंजूर नकाशा आणि जागेवरचं बांधकाम यांचा मेळ घाला. वाढीव भागात गुंठेवारीचा प्लॉट असेल, तर २००१ च्या कायद्यानं तो नियमित झालाय का, ते विचारा. काळ्या मातीवरचं जुनं घर असेल, तर जोत्याच्या भेगा उन्हाळ्यात बघा आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा बघा. ती माती सुकली की आकसते, भिजली की फुगते. कागदांचं एवढं पुरे.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येतो. जुन्या मराठी खरेदीखतांत एक ठरलेलं वाक्य असायचं. मिळकत विकली ती ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह’. अजूनही कित्येक मसुद्यांत ते असतं, आणि लिहिणारा, वाचणारा, सही करणारा, कुणीच तिथं थांबत नाही. पाण्यानंतर लगेच झाडाचा नंबर लावलाय, बघा. शेतातल्या विहिरीची, आंब्याची नोंद सातबाऱ्यावर घेता येते. शहरातल्या मिळकत पत्रिकेवर मात्र क्षेत्र असतं, धारकाचं नाव असतं, बोजा असतो, झाडाला रकानाच नाही. साठ वर्षांचा कडुनिंब मिळकत पत्रिकेवर कुठंच उभा नाही!

यावरून एक व्यवहार सांगतो, थोडक्यात. (सभागृहात कुजबुज) थोडक्यातच सांगतो.

जुन्या बंगल्यांच्या भागातलं एक घर. मालकीण एकट्या आजी, मुलं परगावी. घेणारे एक सज्जन गृहस्थ, नवीन वस्तीतला फ्लॅट विकून येणारे. बोलणी आवारातच झाली, कडुनिंबाखाली खुर्च्या टाकून. एजंटानं टेप काढून कुंपणापासून खोडापर्यंत अंतर मोजलं आणि गृहस्थांना हळूच म्हणाला, “झाड काढलं की दोन गाड्या आरामात बसतात.” तो हळू बोलला, पण आजींचे कान शाबूत. त्या माझ्याकडं वळल्या.

“वकीलसाहेब, झाड तोडायचं नाही म्हणून कागदात लिहा की ओ.”

मी म्हटलं, “आजी, तशी अट टिकत नाही.”

“का टिकत नाही? माझं घर, माझं झाड, मी विकायली. पाडव्याला अख्खी गल्ली ह्याचाच पाला नेती. लोकं कुठं जातील मग?”

या प्रश्नाला मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये उत्तर आहे. कलम ११. पूर्ण मालकी देऊन टाकायची आणि ती कशी उपभोगायची यावर पुन्हा अट घालायची, असं चालत नाही. घेणारा ती अट नसल्यासारखं वागू शकतो. पण त्याच कलमात पुढं एक वाट ठेवलीय. विकणाऱ्यानं शेजारची जागा स्वतःकडं राखली असेल आणि त्या जागेच्या चांगल्या उपभोगासाठी अट घातली असेल, तर ती लागू होते. मी आजींना हे समजावलं. त्यांनी मागच्या बाजूच्या दोन खोल्यांकडं बघितलं. दुपारी कडुनिंबाची सावली बरोब्बर त्या खोल्यांवर यायची. म्हणाल्या, “मग एवढं राहू दे माझ्या नावावर.”

(टाळ्या)

मोजणी नव्यानं झाली, किंमत थोडी उतरली, एजंट नाराज झाला. खरेदीखतात कलम आलं, की राखून ठेवलेल्या खोल्यांच्या सावलीसाठी व हवेसाठी हा कडुनिंब तोडायचा नाही. आणि ते गृहस्थ? सही करताना म्हणाले, “आजी, मला तरी दुसरं काय आवडलं होतं इथं?”

गंमत अशी की हाच तंटा लंडनमध्ये कधीच होऊन गेलेला आहे. १८०८ मध्ये टल्क नावाच्या गृहस्थानं लेस्टर स्क्वेअर इथली बाग विकली. चौकाभोवतीची घरं मात्र स्वतःकडं ठेवली. अट अशी, की बागेत बांधकाम करायचं नाही. बाग हातोहात फिरत मॉक्सहे यांच्याकडं आली. त्यांना अट ठाऊक होती, तरी बांधायचा विचार केला. १८४८ मध्ये लॉर्ड कॉटनहॅम यांनी निकाल दिला, की अट ठाऊक असून बाग घेतलीत, तर ती अट तुम्हालाही बंधनकारक आहे. लेस्टर स्क्वेअरमध्ये आजही बाग आहे. आपल्या कायद्याच्या कलम ४० मध्ये तेच तत्त्व आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला पाठ असतो. मला तो समजला आजींच्या अंगणात.

(श्रोत्यांतून एक गृहस्थ : “पाल्यानं पन्हाळी तुंबतात, मुळं हौद फोडतात, त्याचं काय?”)

रास्त बोललात. आपल्याकडं उजनीची पाइपलाइन असूनही नळाला रोज पाणी नाही, त्यामुळं घरोघरी हौद आहे आणि त्याला तडा जाणं परवडत नाही. पण हौद हलवता येतो. फांदी रीतसर परवानगी घेऊन छाटता येते. खोडाला बुंध्यापर्यंत फरशी आणि काँक्रीट भिडवलं, तर मूळ ओल शोधत हौदाकडंच जाणार. झाडाभोवती आळं मोकळं ठेवा. त्रास झाडाचा कमी आणि आपल्या फरशीचा जास्त असतो.

(दुसरा आवाज : “म्हणजे जुने बंगले पाडायचेच नाहीत का?”)

मी असं म्हटलेलं नाही, आणि म्हणणारही नाही. घर मोडकळीला येतं, वाटण्या होतात, मुलांना जागा लागते. बांधणाऱ्यांशी माझं वैर नाही. मी सामासिक अंतराविषयी बोलतोय, घर आणि कुंपण यांच्यामध्ये सोडलेल्या त्या पट्ट्याविषयी. झाडं तिथंच असतात. नकाशा काढण्याआधी झाडं मोजली, तर इमारत त्यांना वळसा घालून बसवता येते. दादर पारसी कॉलनीत मंचेरजी जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वस्ती आखतानाच रस्त्यांवरची झाडं आखली. शंभर वर्षांनी तिथं घर घेणारा त्याचं मोल देतोय.

कायदा आपल्या हातात आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. तुमच्या स्वतःच्या आवारातलं झाडसुद्धा वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षं आणि त्यावरच्या झाडाला वारसा वृक्ष ठरवलं. तो तोडायचा तर त्याच्या वयाइतकी झाडं लावायची आणि जगवायची. पण झाड होतं, हेच सिद्ध करता आलं नाही तर कायदा कुणासाठी? रविवारी पहाटे करवत चालते आणि सोमवारी तिथं फरशी असते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. (मागून : “बोला, बोला!”) तुम्ही बोला म्हणता, पण हॉलवाल्यांना दिवे बंद करायचे आहेत. (हशा) पाणी आणि झाडांच्या वयाबद्दल बरंच सांगायचं होतं, ते सोडतो.

कुणी म्हणेल, सावलीची वस्ती हा पैसेवाल्यांचा शौक आहे. सोलापूरजवळच्या कुंभारीला चला. विडी कामगार भगिनींची गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरं. शेजारी रे नगर, तीस हजारांची योजना, त्यातली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये ताब्यात मिळाली. झगडून मिळवलेली घरं आहेत ती. तिथल्या बाईला सावलीची गरज रेल्वे लाइन्समधल्या माणसापेक्षा जास्त आहे, कारण ती घरात बसून विड्या वळते आणि वरचा स्लॅब तापतो. जुळे सोलापूरच्या रुंद रस्त्यांचंही तेच. आज लावलेल्या रोपाला पहिले दोन-तीन उन्हाळे बादलीनं पाणी घातलं, तर तुमच्या नातवाला घर घेताना जुन्या वस्तीकडं धावावं लागणार नाही.

आता मागणी, आणि मी थांबतो. खरेदीखताला आपण मोजणीचा नकाशा जोडतो, फोटो जोडतो. त्याच्या जोडीला एक परिशिष्ट जोडा, झाडांचं. झाडाची जात, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, कुंपणापासून अंतर, फोटो, आणि सांगता येत असेल तर अंदाजे वय. ही अट नाही, हे मिळकतीचं वर्णन आहे, त्यामुळं कलम ११ आड येत नाही. नोंदणी झाली की दस्त कायमचा दप्तरात. पुढं कुणी म्हणालं ‘इथं झाड नव्हतंच’, तर तुमच्या सहीचा पुरावा समोर येईल. समोरच्या रस्त्यावरचं झाडही त्यात लिहा. ते तुमच्या मालकीचं नाही, पण त्याच्यापोटी पैसे तुम्हीच मोजलेत. आणि बयाणा देण्याआधी डाव्या-उजव्या शेजाऱ्यांकडं चहाला जा आणि हे झाड कुणी लावलं ते विचारा. ज्याला हे विचारावंसं वाटत नाही, त्यानं जुन्या वस्तीत घर घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. त्या वस्तीत जे चांगलं आहे ते टिकवायची जबाबदारी सहीबरोबर त्याच्यावर येते, आणि ती नको असेल तर शहरात इतर जागा पुष्कळ आहेत.

परिशिष्टाचा एक पानी मसुदा मी करून आणला आहे. प्रती दाराजवळच्या टेबलावर आहेत. व्यवहार चालू असलेल्यांनी आधी घ्या, बाकीच्यांनी घरच्या कागदांत ठेवा, आणि कुणाच्या वकिलानं ‘असं कधी करत नाहीत’ म्हटलं, तर त्यांना माझ्याकडं पाठवा.