गोगाबाबा टेकडीची वाट

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाजवळची गोगाबाबा टेकडी आपल्या शहराला फिरायला जवळची. डोंगरी सायकलीलाही असा उतार खुणावतो. पण टेकडीची वाट बिघडते, ती चाकांपेक्षा पाण्याने. आपला डोंगर बसाल्टचा, वर मुरमाचा थर. वाट सरळ खाली उतरली, की पावसाचं पाणी तिच्यातूनच धावतं. आधी बोटभर चर पडतो, मग हातभर. तो चुकवायला लोक गवतातून जातात. एका वाटेच्या तीन होतात. म्हणून वाट उताराला आडवी, वळणं घेत न्यावी. मध्ये मध्ये तिरके दगड रोवावेत. म्हणजे, आधी पाणी वाटेबाहेर काढा. कुणी म्हणेल, सरळ सिमेंटच करा. पण सिमेंटवरून पाणी आणखी जोरात धावतं आणि कडेची माती खणतं.

आता नावांचं. टेकडीवरच्या वाटेला नाव कशाला? सांगा, सायकलवरून पडलेला माणूस फोनवर पत्ता काय देणार? ‘झाडाजवळ आहे’? वाटेला नाव असलं, की मदत नेमकी पोहोचते. चर कुठे पडला, तेही नेमकं कळवता येतं. नाव पुढाऱ्याचं नको. नावांचे वाद आपल्या शहराला नवे नाहीत! गुराख्यांकडे जुनी नावं असतील, तर ती आधी विचारावीत. नसतील, तर जागेवरून द्यावीत: बोरीचं वळण, मुरमाचा उतार. फलक खांबावर लावावा. कातळावर रंग फासू नये; इथला कातळ नुसता दगड नाही. जवळच्याच डोंगरात सहाव्या-सातव्या शतकातली बौद्ध लेणी आहेत.