घर, कर्ज आणि दारावरचा हितचिंतक



वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टाइपात छापलेल्या ताबा नोटिसा आपण सहसा वाचीत नाही. कर्जदाराचे नाव, थकलेली रक्कम, घराचे वर्णन, एवढाच त्यांतला मजकूर. परंतु एक मनुष्य त्या लक्षपूर्वक वाचतो. तो म्हणजे अडलेल्यांची घरे स्वस्तात हेरणारा दलाल. लोकांना सावध करण्यासाठी जी नोटीस छापावी लागते, तीच त्याची गिऱ्हाइकांची यादी होते.

त्याचा धंदा समजण्यासाठी आधी कायदा समजला पाहिजे. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की कर्ज बुडीताच्या वाटेवरचे ठरते. मग २००२ च्या सरफेसी कायद्याप्रमाणे बँक कोर्टात दावा न लावता वसुली करू शकते. मात्र प्रथम साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. कर्जदाराने हरकत घेतली तर पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. ताब्याची कारवाई झाल्यावर कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाण्यास पंचेचाळीस दिवस असतात. लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वी सारी थकबाकी खर्चासह भरली तर घर सुटते. २०१६ च्या दुरुस्तीने ही मर्यादा घातली आहे. सारांश, वेळ थोडा असतो, पण असतो. दलाल तोच हिरावून घेतो. “उद्या कुलूप लागेल, आजच सही करा,” हे त्याचे पहिले वाक्य.

हिशेब पाहा. समजा, घराची बाजारात किंमत साठ लाख आणि कर्ज बावीस लाख. तो म्हणतो, “कर्ज मी फेडतो, वर आठ लाख रोख देतो.” घाबरलेल्या माणसाला आठ लाख दिसतात, गेलेले तीस लाख दिसत नाहीत. लिलाव झाला तरी बँकेचे येणे आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम ज्याची त्याला परत मिळावयाची असते, हे त्याला कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट. साठ दिवसांची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीवाचून ते घर विकता येत नाही. तरीही साठेखते आणि कुलमुखत्यारपत्रे लिहून घेतली जातात. तिसरे आमिष, “पैसे जमले की घर परत देईन.” १९२९ पासून आपला कायदा सांगतो की, परतीची अट त्याच खरेदीखतात नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. तोंडी वचनाच्या भरवशावर गेलेले घर परत मिळविणे फार दुरापास्त.

हा रोग आपल्याच गावचा नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९७९ मध्ये यासाठी वेगळा कायदा केला. जप्तीच्या छायेतील घरमालकाने राहते घर अशा खरेदीदारास विकले, तर करार रद्द करण्यास त्याला कामाचे पाच दिवस मिळतात. लिलाव त्याआधी असेल तर तोपर्यंतच. घाबरून केलेल्या सहीला विचार करण्याची फुरसत द्यावी, एवढेच त्यामागचे तत्त्व.

प्रत्येक खरेदीदार लबाड असतो असे मी म्हणत नाही. व्याज वाढत असते. हप्ते झेपणारच नसतील तर वेळीच स्वतः घर विकणे पुष्कळदा शहाणपणाचे. परंतु ते बँकेची लेखी संमती घेऊन, दोनचार ठिकाणी भाव विचारून, वकिलाला कागद दाखवून करावे.

मग माणसे असे का करीत नाहीत? लाजेमुळे. नोटीस आली की घरातला कर्ता पुरुष ती कपाटात ठेवतो, प्रसंगी बायकोलाही सांगत नाही. शेजारी पेपरात नाव वाचून जिन्यात नजर चुकवितात. अशा वेळी त्याच्याशी आपुलकीने बोलणारा पहिला माणूस तो दलाल असतो, आणि म्हणूनच त्याचा शब्द खरा वाटतो. कायद्यात सुधारणा व्हावयाच्या तेव्हा होतील. परंतु आपल्या आळीतले नाव त्या पानावर दिसले, तर त्या घरी दलालाच्या आधी आपण जावे, आणि “सही करण्यापूर्वी कागद वकिलाला दाखवू, मी बरोबर येतो,” एवढे म्हणावे. त्याला पैसा लागत नाही.