चार रोपांमधली गोळी आणि ती खोचणारे हात

(रत्नागिरी येथे स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)

मैत्रिणींनो,

पाण्याचा प्रश्न म्हटला की आपण टंचाईबद्दल बोलतो. उन्हाळ्यात आटणाऱ्या विहिरी, डोक्यावरचे हंडे, टँकर. ते बोलायलाच हवं. पण आज मला दुसरी बाजू मांडायची आहे. आपण भरतो त्या पाण्यात शेतातून काय उतरतं? आणि ते थांबवण्यासाठी शास्त्रज्ञ, कृषी खातं आणि शेतकरी यांची जी भागीदारी झाली, तिच्यात बाई कुठे आहे?

आपल्या जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरात. भाताची खाचरं उतारावर एकाखाली एक. लावणीनंतर घमेल्यातून युरिया फोकला की तो साचलेल्या पाण्यात विरघळतो. काही भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. मोठी सर आली की उरलेल्यातला बराच भाग बांधावरून वाहून वहाळाला जातो. म्हणजे पैसे आपले आणि खत खाडीला. नत्राचा काही अंश नायट्रेट होऊन जमिनीत झिरपतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नसावं असं भारतीय मानक सांगतं. त्याहून ते जास्त झालं तर सगळ्यात मोठा धोका वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला, कारण त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते.

यावर कोकणात एक चांगलं उत्तर निघालं, चारसूत्री भातशेती. मृदशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी ती शेतकऱ्यांना बरोबर घेऊन बसवली आणि पुढे कृषी खात्याने तिचा प्रसार केला. सूत्रं साधी आहेत. एक, तुसाची राख आणि पेंढा जमिनीला परत द्यायचा. त्यातल्या सिलिकाने रोप कणखर होतं. दोन, गिरिपुष्पाचा पाला खाचरात घालायचा. तीन, 15 आणि 25 सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर नियंत्रित लावणी करायची. चार, जवळ आलेल्या चार रोपांच्या मधोमध युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. चिखलात खोल हवा नसते, त्यामुळे नत्र मातीला धरून राहतं आणि मुळांना सावकाश मिळतं. खत कमी लागतं, पाणी स्वच्छ राहतं. बांगलादेशातही युरियाच्या गोळ्या मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या.

ही पद्धत मला मनापासून पटते. म्हणूनच तिचा हिशोब पुरा मांडायला हवा.

एका हेक्टरला गोळ्या लागतात 62,500. म्हणजे गुंठ्याला सव्वासहाशेच्या आसपास. एवढ्या वेळा वाकायचं, चिखलात बोटं घालायची. युरिया फोकणं हे बहुधा पुरुषाचं काम, आणि ते थोडक्या वेळात उरकतं. गोळी मात्र लावणीच्या पाठोपाठ खोचायची, आणि लावणीला वाकलेल्या असतात बायाच. पाला तोडून आणणं, राख साठवणं हेही त्यांच्याच वाट्याला. घरचा पुरुष मुंबईला नोकरीत असेल तर सगळंच तिच्यावर. मात्र सातबारा त्याच्या नावावर, म्हणून प्रशिक्षणाचं बोलावणं त्याला आणि अनुदानाचा अर्जही त्याचाच. ती फक्त 'मदत करते'. वहाळ स्वच्छ ठेवण्याचं ओझंही तिच्याच कमरेवर टाकायचं आणि तिला शेतकरी म्हणायचं नाही, ही भागीदारी नव्हे.

म्हणून आपल्या मंडळांनी चार गोष्टी धराव्यात असं मी सुचवते.

पहिली, प्रशिक्षण वाडीत आणि बायांना सवड असेल त्या वेळी व्हावं. सातबाऱ्यावरच्या नावाची अट नको.

दुसरी, गोळी खोचण्याचं काम लावणीत फुकट धरू नये. त्याची मजुरी वेगळी ठरावी. हातमोजे आणि उभ्याने गोळी सोडता येईल अशी अवजारं मागावीत. कंबर मोडून घेणं हा निसर्गप्रेमाचा पुरावा नाही.

तिसरी गोष्ट पाणी तपासणीची. 2019 साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवण्याची आणि पाणी समितीत निम्म्या बाया घेण्याची तरतूद झाली. नायट्रेट त्या पेटीने कळतं. खत दिल्यानंतर, ऐन जुलै-ऑगस्टमध्ये विहीर तपासा आणि आकडे महिला ग्रामसभेत वाचून दाखवा. पण लक्षात ठेवा, कलमांवर फवारलेलं कीटकनाशक त्या पेटीत दिसत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. आंब्याच्या बागांखालच्या वाड्यांनी ही मागणी लेखी करावी.

चौथी, सातबाऱ्यावर बाईचं नाव. 1992 साली आपल्या राज्यात लक्ष्मी मुक्तीचा निर्णय झाला. पतीने संमती दिली तर पत्नीचं नाव सहधारक म्हणून लागतं. संमतीची अट आपल्याला खटकते, तिच्याविरुद्ध लढूच. पण तोवर किती घरांनी अर्ज केला ते आपापल्या गावात विचारा.

मैत्रिणींनो, विहीर बाटली तर आजारी पोराजवळ रात्रभर बसणारी बाई, आणि ती स्वच्छ राहावी म्हणून चिखलात गोळी खोचणारीही बाईच. मग निर्णय होतात त्या बैठकीत तिची खुर्ची मागायला आपण संकोच का करायचा? येत्या लावणीआधी प्रत्येक गटाने निदान एका वाडीत हा हिशोब बायांबरोबर बसून मांडावा, एवढंच आज सांगते.