घरपोच बॅटरीचा हिशेब

अकोला आणि अमरावती येथील पुष्कळ घरांतून एखादा जुना लॅपटॉप विजेच्या तारेला जखडलेला आढळतो. यंत्र धडधाकट असते. दमलेली असते ती त्यातील बॅटरी. मूळ कंपनीची बॅटरी गावात मिळेनाशी झाली, की घरातील मंडळी इंटरनेटवरील बाजाराकडे वळतात. तेथे तीच वस्तू निम्म्या किमतीस घरपोच मिळेल असे दिसते, आणि खरी पारख तेथेच करावी लागते.

लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ साली प्रथम बाजारात आणली. ह्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो ह्या तिघांस २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु इतक्या संशोधनानंतरही तिच्या पोटात किती वीज मावावी ह्यास मर्यादा आहेच. जुन्या लॅपटॉपांत व विजेरीत असणारे १८ मिलिमीटर व्यासाचे, ६५ मिलिमीटर लांबीचे नळकांडे घ्या. उत्तम कारखान्यातील असे नळकांडे साधारणपणे २५०० ते ३५०० मिलिअँपिअर-तास वीज साठविते आणि वजनास ४५ ग्रॅमच्या आसपास भरते. जाहिरातीत मात्र ९९०० चा आकडा खुशाल छापलेला असतो. शेराच्या मापात तीन शेर दूध मावते म्हणणाऱ्या गवळ्यास वऱ्हाडातील कोणती गृहिणी दारात उभे करील? आकडा जितका बेताचा, तितका विक्रेता विश्वासू, असे समजण्यास येथे हरकत नाही. मूळ कंपनीचे नाव नसलेली प्रत्येक बॅटरी खोटी असते, असे मात्र मुळीच नव्हे.

मागणी नोंदविण्यापूर्वी जुनी बॅटरी काढून तिच्यावरील क्रमांक व व्होल्ट उतरून घ्यावेत. ११.१ व्होल्टच्या जागी १४.८ व्होल्टची बॅटरी, आकाराने बरोबर बसली तरी, चालावयाची नाही. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६०४६ ह्या मानकाची खूण व ‘आर’ अक्षराने आरंभ होणारा नोंदणी क्रमांक वेष्टनावर पाहावा. तो ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ह्या ॲपवर पडताळता येतो. उत्पादनाची तारीखही पाहावी, कारण न वापरताही बॅटरी म्हातारी होते, आणि उष्ण्याने तर फारच लवकर. ज्या प्रांतात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेथे ती पूर्ण भरून उन्हाच्या खिडकीत ठेवणे म्हणजे पैसे उन्हात वितळविणेच होय. फुगलेली बॅटरी टोचू नये, पुन्हा भरू नये, कचऱ्याच्या पेटीतही टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याच्या स्वाधीन करावी.

इतके करूनही फसवणूक झालीच, तर दाद मागण्यास दूरच्या शहरी जावे लागत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० साली अंमलात आल्यापासून ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तेथे फी पडत नाही. त्याआधी विक्रीस्थळाच्या तक्रार-अधिकाऱ्यास लिहावे. त्याने ४८ तासांत पोच व महिन्याभरात निवारण करावयाचे असते. १९१५ ह्या राष्ट्रीय दूरध्वनीवरही गाऱ्हाणे नोंदविता येते. त्यासाठी पावती, जाहिरातीची प्रतिमा आणि पुडके उघडतानाचे छायाचित्र तेवढे जपून ठेवावे.