निर्णय चहाला होतात



एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात रात्री उशिरा जाण्याचा प्रसंग आलाच, तर एका वर्कशॉपचा दिवा हमखास चालू दिसेल. आत पंधरा-वीस मुलं असतात. कुणी अ‍ॅल्युमिनियमचा सेक्शन हॅकसॉने कापतोय, कुणी सोल्डरिंग करतोय, कुणी लॅपटॉपसमोर डोकं धरून बसलाय. कोपऱ्यात वर्तमानपत्रावर वडापावचा चुरा आणि रिकामे कागदी कप. ही कॉलेजची रोबोट टीम. अशा टीमचा मार्गदर्शक म्हणून मी बरीच वर्षं काम केलं. पण आज मी रोबोटविषयी थोडंच बोलणार आहे. रोबोट करता करता ही मुलं एकमेकांची कोण होतात, हा माझा आजचा विषय.

स्पर्धेची थोडी ओळख करून देतो. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन, म्हणजे या भागातल्या नभोवाणी आणि दूरचित्रवाणी संस्थांची संघटना, २००२ सालापासून विद्यार्थ्यांसाठी ‘रोबोकॉन’ ही स्पर्धा घेते. पहिली टोकियोला झाली. दरवर्षी यजमान देश बदलतो, आणि यजमानाने आपल्या मातीतला एखादा खेळ किंवा सण विषय म्हणून द्यायचा, अशी छान पद्धत आहे. २००८ साली ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा विषय होता ‘गोविंदा’. होय, आपली दहीहंडी! यंत्रांनी हंड्यांपर्यंत पोहोचून लोणी काढायचं. २०१४ साली ती पुन्हा पुण्यात आली, आणि २०२२ साली दिल्लीत झाली तेव्हा विषय होता आपली लगोरी. आपल्या देशातली फेरी दूरदर्शन घेतं. अनेक वर्षं ती बालेवाडीच्या क्रीडासंकुलात होत असे, पुढे दिल्लीला गेली.

आता हिशेब बघा. एक सामना जास्तीत जास्त तीन मिनिटांचा. मैदानावर उतरणारे विद्यार्थी तीन. आणि त्या तीन मिनिटांसाठी पंचवीस-तीस मुलं सात-आठ महिने राबतात. दहीहंडीत सगळ्यात खालच्या थरातल्या माणसाला हंडी फुटताना दिसत नाही, त्याला फक्त खांद्यावरचं वजन कळतं. या मुलांपैकी बहुतेकांचं तसंच असतं. त्यांची लेथवरची कामगिरी टीव्हीवर दिसत नाही. मग ती का टिकतात? बक्षिसाच्या आशेने म्हणावं, तर बहुतेक टीम पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच घरी येतात. माझं उत्तर असं की ती एकमेकांसाठी टिकतात. आणि ते ‘एकमेकांसाठी’ वर्कशॉपमध्ये कमी आणि वर्कशॉपच्या बाहेर जास्त तयार होतं.

बाहेर म्हणजे कुठे? तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. एक सेन्सर आणायला एक जण पुरतो, पण जातात पाच. सेन्सर दहा मिनिटांत मिळतो, परतायला चार तास लागतात. किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात. गाडीच्या वायपरची मोटर स्वस्तात मिळवायची, तर घासाघीस करणारा एक, मोटर फिरवून बघणारा दुसरा आणि ‘चल रे, पुढे मिळेल’ म्हणून निघून जाण्याचं नाटक करणारा तिसरा, अशी माणसं लागतात. या तिघांची पुढे आयुष्यभर मैत्री न झाली तरच नवल.

आणि खंडेनवमी! एरवी ‘आम्ही काही मानत नाही’ म्हणणारी मुलंही त्या दिवशी ड्रिल मशीन पुसतात, लेथला झेंडूची माळ घालतात, मल्टिमीटरलाही हळदकुंकू लावतात. एका वर्षी अर्धवट झालेल्या रोबोटच्या हाताने प्रसादाचे पेढे वाटायचे असं ठरलं. त्या हाताची पकड इतकी जोरदार होती, की प्रत्येकाला पेढ्याऐवजी पेढ्याची पोळीच मिळाली. स्पर्धेच्या दृष्टीने या सगळ्याचा उपयोग शून्य. पण पुढे मार्चमध्ये तोच हात ऐनवेळी अडकला, तेव्हा मुलं आधी हसली आणि मग दुरुस्तीला लागली. हे हसू मला फार मोलाचं वाटतं. कारण मी उलटंही पाहिलंय.

या टीममध्ये जाती असतात बरं का. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कोडिंग. रोबोट चालला नाही, की मेकॅनिकलवाला म्हणतो, कोडमध्ये घोळ आहे. कोडवाला म्हणतो, वायर सैल आहे. वायरवाला म्हणतो, चाकच तिरकं बसवलंय. जिथे मुलं एकमेकांना फक्त कामापुरती ओळखतात, तिथे हरल्यावर परतीच्या बसमध्ये तीन गट वेगवेगळे बसतात. ज्याच्या आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी आपण वर्षभर खाल्ली, त्याच्यावर खापर फोडणं जरा जड जातं.

इथपर्यंतचं सगळं गोड आहे. पण या मैत्रीची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला एका द्वितीय वर्षाच्या मुलीने दाखवली.

ती वायरिंग बघायची. हात इतका नीटस, की प्रत्येक वायरला क्रमांक, प्रत्येक जोडाला टेप. चार दिवस खपून तिने सगळ्या रोबोटचं वायरिंग पूर्ण केलं. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक रात्री नऊला बंद होई, म्हणून ती साडेआठला निघाली. मुलं थांबली. रात्री एक वाजता नेहमीप्रमाणे स्टेशनजवळच्या टपरीवर चहाला गेली. चहा पिता पिता विषय निघाला, की रोबोट पुढे झुकतोय, बॅटरी मागे घ्यायला हवी. परत येऊन त्यांनी बॅटरी मागे घेतली. सकाळी ती आली, तर निम्म्या वायरी कापलेल्या होत्या.

मी मुलांना विचारलं. खरं सांगतो, कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. बॅटरी मागे घेणं योग्यच होतं. तिला डावललं असं एकालाही वाटलं नव्हतं. ती मला एवढंच म्हणाली, “सर, मीटिंगला मला बोलावतात. पण निर्णय चहाला होतात.”

श्रोतेहो, हे वाक्य मी नंतर कितीतरी ठिकाणी लावून पाहिलं. कचेऱ्या, सहकारी संस्था, आपल्या सोसायटीची कमिटी. सगळीकडे चपखल बसतं. आपण मैत्रीला कामानंतरचा विरंगुळा समजतो. पण चार मित्र जिथे जमतात, तिथे काम आपसूकच ठरत जातं. मग ज्याला त्या ठिकाणी पोहोचताच येत नाही, तो टीममध्ये असूनही नसतो. मुलींच्या वसतिगृहांच्या वेळांविरुद्ध २०१५ साली दिल्लीच्या विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ नावाची मोहीम सुरू केली, तेव्हा पुष्कळांना तो फिरण्या-भटकण्याच्या हौसेचा प्रश्न वाटला. आमच्या वर्कशॉपमध्ये तो बॅटरी कुठे बसवायची याचा प्रश्न होता.

टीमची बैठक झाली. चांगली तापली. एक मुलगा म्हणाला, “मग आम्ही चहाही प्यायचा नाही का?” प्रश्न रास्त होता. रात्री एकला भूक लागते, झोप येते, चहा हवाच. उत्तर दिलं तिसऱ्या वर्षातल्या कॅप्टनने. चहा प्या, पण ठरवू नका. ठरलंच तर वहीत लिहा, आणि सकाळी सगळ्यांनी वाचल्याशिवाय स्क्रूड्रायव्हरला हात लावू नका. अशी ‘चहाची वही’ सुरू झाली. शंभर पानी, साधी. तिच्यात पुढे निर्णयांपेक्षा उधारीच जास्त लिहिली गेली हा भाग वेगळा. शिवाय टीमचा मुख्य चहा संध्याकाळी साडेपाचला, कॉलेजच्या फाटकासमोर, असं ठरलं. स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात मुलींना रात्री अकरापर्यंत थांबायची परवानगीही मिळाली, पालकांच्या सहीच्या पत्रावर. मुलांकडून असं पत्र कुणी मागितलं नाही.

साडेपाचच्या चहाने आणखी एक गोष्ट झाली. तळेगावहून लोकलने येणारा एक मुलगा होता. घरी लवकर पोहोचायची निकड, म्हणून तो कधीच कुठे नसे. सगळे त्याला घुम्या म्हणत. संध्याकाळच्या चहाला तो पहिल्यांदा थांबला, आणि कळलं की हा पठ्ठ्या नकला काय सुरेख करतो! माझीही करत असे. मी दाराआडून ऐकली आहे. बरी होती.

पैशांचंही असंच. ‘कॉन्ट्री काढू’ हा विद्यार्थ्यांचा आवडता शब्द. वाढदिवस, हॉटेल, टीमचा टी-शर्ट, दर वेळी कॉन्ट्री. एक मुलगा हॉटेलचा बेत ठरला, की म्हणायचा, आज माझा उपास आहे. सोमवार म्हणू नका, मंगळवार म्हणू नका, याचे उपास वाराला बांधलेले नव्हते. बरेच दिवसांनी एका मैत्रिणीच्या लक्षात आलं. तिने गाजावाजा केला नाही. पुढचा बेत तिने सिंहगडाचा काढला. पीएमटीने पायथ्यापर्यंत, पुढे पायी. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही. त्या दिवशी त्या मुलाचा उपास नव्हता. तेव्हापासून आमच्या टीमच्या बहुतेक सहली गडावरच निघाल्या, आणि कारण विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

जाता जाता सांगतो, मार्गदर्शकाने या सहलींना जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. फार तर भाकरीचे पैसे द्यावेत. सर बरोबर असले, की मुलं रोबोटविषयी बोलतात.

नाटकवाल्यांना यातलं काही नवं वाटणार नाही. पुण्यात १९६३ सालापासून पुरुषोत्तम करंडक चालू आहे. तालमी, जागरणं, ‘आव्वाज कुणाचा’च्या आरोळ्या, निकालानंतरची रडारड, सगळं तेच. फरक इतकाच, की नाटकात रुसलेल्या नटाची समजूत काढता येते. रुसलेल्या मोटरची काढता येत नाही, त्यामुळे माणसांचीच जास्त काढावी लागते.

२०२० साली करोनामुळे वर्कशॉपला कुलूप लागलं. त्या वर्षीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा फिजीत व्हायची होती, विषय रग्बी. ती ठरल्याप्रमाणे झाली नाही. रोबोट नाही, स्पर्धा नाही, तर मला वाटलं टीम विखुरणार. पण मुलं रोज संध्याकाळी साडेपाचला आपापल्या घरी चहा करून मोबाईलवर एकत्र बसत होती. कुणाच्या घरी आजारपण होतं, कुणाच्या वडिलांचं काम गेलं होतं. खाटा कुठे रिकाम्या आहेत याच्या याद्या तिथेच झाल्या. जे तंत्र भाग मागवण्याच्या तक्त्यासाठी शिकले होते, तेच तिथे कामी आलं.

आता एक गोष्ट प्रतिस्पर्ध्यांची. स्पर्धा बालेवाडीला होत असे त्या काळातली. सामन्याच्या आदल्या रात्री आमच्या रोबोटचा मोटर ड्रायव्हर जळला. ड्रायव्हर म्हणजे मोटरला हवी तितकीच वीज पुरवणारं सर्किट. जास्तीचा एक होता, तो आधीच जळून गेला होता. शेजारच्या टेबलावर गुजरातची एक टीम होती. त्यांच्यातला एक जण उठला, स्वतःच्या पेटीतला ड्रायव्हर काढून आमच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, जिंकलात तर परत करा, हरलात तर राहू दे. आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. तीही हरली. मग दोन्ही टीम मिळून मिसळ खायला गेल्या, आणि तिखटाने डोळ्यांत पाणी आल्यावर कोण कशासाठी रडतंय ते कळेनासं झालं.

त्या मुलांनी पुढच्या जानेवारीत आमच्या मुलांना उत्तरायणासाठी अहमदाबादला बोलावलं. सात जण गेले, बाकरवडीचे पुडे आणि तो उसना ड्रायव्हर घेऊन. वायरिंगवाली मुलगीही गेली. गच्चीवर पोहोचल्याबरोबर, तिथल्या रीतीप्रमाणे, तिच्या हातात कुणीतरी फिरकी दिली. म्हणजे पतंग मुलांनी उडवायचा आणि मांजा हिने सोडायचा. तिने फिरकी शेजारच्या मुलाकडे सोपवली आणि त्याच्या हातातला पतंग घेतला. संध्याकाळपर्यंत आपण नऊ पतंग काटले असं ती सांगते. बाकीचे चार म्हणतात.