मंदावलेली दृष्टी आणि श्रावकाचा स्वाध्याय
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरी येथे सल्लेखना धारण केली, त्यामागे त्यांच्या मंदावलेल्या दृष्टीचे कारण होते. पुढील भूमी न्याहाळून पाऊल टाकण्याची ईर्यासमिती पाळणे कठीण झाले आणि महाव्रतांत उणीव येऊ देणे त्यांना मान्य नव्हते. तो मुनिधर्म. घरातील वृद्ध श्रावक-श्राविकांची दृष्टी मंदावते तेव्हा मात्र त्यांचे आयुष्य संपलेले नसते. घरची माणसेच पुष्कळदा ते संपल्यासारखी वागतात.

मोतीबिंदू शस्त्रक्रियेने दूर होतो. काचबिंदूत गेलेली दृष्टी परतत नाही, उरलेली उपचाराने राखता येते. सर्वांत कमी समजला जाणारा विकार म्हणजे दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज, अर्थात मॅक्युलर डिजनरेशन. यात मधले दिसणे जाते, कडेचे राहते. मंदिरात समोर उभ्या असलेल्या साधर्मीचा चेहरा आजींना ओळखू येत नाही; पण बाजूला सांडलेल्या अक्षता दिसतात. मग ‘आजी मुद्दामच बोलत नाहीत’ असा बोल लागतो! या विकाराच्या ‘ओल्या’ प्रकारात डोळ्यात इंजेक्शने देऊन पुढील हानी बरीचशी रोखता येते. म्हणून दाराची सरळ चौकट वाकडी दिसू लागताच नेत्रतज्ज्ञांकडे जावे, सणवार उरकण्याची वाट पाहू नये.

काहींना नसलेली माणसे, फुले, नक्षी दिसतात. शार्ल बॉने या स्विस अभ्यासकाने १७६० साली आपल्या आजोबांच्या बाबतीत हे नोंदविले आहे. हे वेड नव्हे, बाधाही नव्हे. परंतु लोक काय म्हणतील या भयाने वृद्ध ते कोणाला सांगत नाहीत.

खरी वेदना असते ती नित्यकर्म सुटल्याची. धान्य निवडताना जीव दिसत नाही, म्हणून सूप हातातून काढून घेतले जाते. शास्त्राची ओळ मध्येच नाहीशी होते, म्हणून ग्रंथ कपाटात जातो. येथे भिंग, पानावर जवळून पडणारा दिवा आणि वाचून दाखविणारा नातू ही तिन्ही साधने उपयोगी पडतात. तिसरे सर्वांत दुर्मीळ. पांढरा भात गडद रंगाच्या ताटात वाढावा. भेटताच ‘ओळखलंत का?’ अशी परीक्षा न घेता आपले नाव सांगावे. मंदिराच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा ओढण्यास खर्च तो किती?

आणि पूजापाठाची पुस्तके! दात्यांची नावे ठळक टाइपात आणि स्तोत्रे मुंगीएवढ्या अक्षरांत, अशी आपल्याकडील छपाईची रीत. पुढील आवृत्तीत हा क्रम उलटा करण्याचा ठराव विश्वस्त मंडळाने याच वर्षी करावा.